उजेडांत उभें राहणें
(पापाच्या अंगीकाराविषयीं कांहीं विचार)

देव सर्वज्ञ आहे, तो मनुष्याचें अंतःकरण पाहतो, त्याच्यापासून कांहीं एक लपलेलें नाहीं, असें आपण मंडळींत वारंवार शिकवितों. हें ऐकून एखादा साधा शेतकरी विचारितो, "मास्तर, देवाला माझें पाप आधींच ठाऊक असेल, तर तें त्याला सांगून काय उपयोग? त्याला नवीन असें काय कळणार?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं, आणि विचारणाऱ्यास अश्रद्ध म्हणून गप्प बसविणें तर अगदींच योग्य नाहीं. कारण ह्या प्रश्नाचें उत्तर ज्याला नीट समजलें, त्याला प्रार्थना म्हणजे काय हें समजलें; आणि ज्याला तें समजलें नाहीं, त्याचा अंगीकार हा दर रविवारीं म्हणावयाचा एक पाठ होऊन राहण्याचें भय आहे.

ह्या विषयाचें शिक्षण योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत, पांचव्या ओवीपासून शेवटापर्यंत, थोडक्यांत दिलेलें आहे. वाचकांनीं तो भाग पुढें उघडून ठेवावा. देव प्रकाश आहे, ह्या एका वाक्यावर प्रेषितानें सर्व रचना केली आहे. मग सहाव्या, आठव्या व दहाव्या ओवींत मनुष्याच्या तोंडचीं तीन खोटीं बोलणीं तो मांडितो. पहिलें असें, कीं आमची देवाशीं सहभागिता आहे, असें म्हणत अंधारांत चालत राहणें. हें लोकांशीं बोललेलें खोटें होय. दुसरें, आमच्याठायीं पाप नाहींच असें म्हणणें. ह्यांत मनुष्य आपणा स्वतःलाच फसवितो. तिसरें, आम्ही पाप केलेंच नाहीं असें म्हणणें. येथें तो देवालाच लबाड ठरवितो. असत्याची चाल कशी असते, हें येथें दिसून येतें. तें प्रथम शेजाऱ्याकरितां तयार केलें जातें, मग तें बोलणाऱ्यालाच खरें वाटूं लागतें, आणि शेवटीं देवाचें वचन त्याच्या आड येतें म्हणून तेंच खोटें मानण्याची पाळी येते.

आणखी एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. ह्या तीन खोट्या बोलण्यांच्या उलट प्रेषितानें निष्पाप मनुष्य उभा केला नाहीं. उजेडांत चालणारा आणि आपलीं पापें पदरीं घेऊन कबूल करणारा, असा मनुष्य त्यानें उभा केला आहे. म्हणजे देवाशीं सहभागितेची अट ही, कीं पाप असलें तर तें लपवूं नये. पापी मनुष्याला देवाजवळ जागा आहे. सोंग घेणाऱ्याला जोंपर्यंत तो सोंग सोडीत नाहीं तोंपर्यंत ती जागा घेतां येत नाहीं, कारण तेथें जो येऊन उभा राहतो तो तो स्वतः नसतोच, त्याचें सोंग असतें.

आतां आपल्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळूं. अंगीकार करणें म्हणजे देवाला बातमी देणें नव्हे. एदेन बागेंत आदाम झाडांत लपला, तेव्हां तूं कोठें आहेस असें देवानें त्यास विचारिलें. देवाला त्याचें ठिकाण ठाऊक नव्हतें म्हणून का हा प्रश्न होता? आपण कोठें आहों हें आदामानें आपल्या तोंडानें सांगावें, ह्याकरितां तो होता. आपण ज्या शब्दाचें भाषांतर अंगीकार असें करितों, त्या मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ 'तेंच म्हणणें' असा आहे. माझ्या कृत्याविषयीं देव जें म्हणतो तेंच मीही म्हणावें, हा अंगीकार. देव ज्याला चोरी म्हणतो, त्याला मी अडचण म्हणूं नये. तो ज्याला द्वेष म्हणतो, त्याला मी स्वाभिमान म्हणूं नये. दोघे एकाच गोष्टीविषयीं एक बोल बोलूं लागले कीं सहभागिता सुरू झाली. एका घरांत राहणारीं दोन माणसें एकमेकांचें सर्व जाणून असतात, तरी एक गोष्ट बोलावयाची नाहीं असें ठरलें कीं त्यांच्यांत भिंत उभी राहते. जाणणें निराळें आणि जवळ येणें निराळें. देव आपणांस जाणतो हें त्याच्याकडून आहे; आपण त्याच्याजवळ यावें हें आपल्याकडून राहिलें आहे.

वसई भागांतील वाचकांस बावखल म्हणजे काय हें सांगावयास नको. वाडीच्या कडेला पूर्वजांनीं खणून ठेविलेलीं हीं गोड्या पाण्याचीं तळीं पावसाळ्यांत भरतात. तें पाणी जमिनींत मुरतें आणि भोंवतालच्या विहिरी गोड राहतात. समुद्र जवळ असतांही केळी, पानवेली व भाजीपाला ह्या भूमींत पिकत आला, ह्याचें एक कारण हीं बावखलें होत. परंतु बावखलांत गाळ सांचतो, आणि तो काढणें कष्टाचें काम आहे. गाळ वर काढिला कीं दुर्गंधि सुटते, आणि आपल्या वाडींत इतकी घाण होती हें शेजाऱ्यांस दिसतें. म्हणून दुसरा मार्ग सोपा वाटतो, तो असा कीं बावखल मातीनें बुजवून टाकावें. जमीन सपाट होते, दिसावयास नीट दिसते, तिला किंमतही चांगली येते. गेल्या कांहीं दशकांत अशीं पुष्कळ बावखलें बुजविलीं गेलीं. आणि बावखलें बुजलीं व पाण्याचा उपसा वाढला, तसतशा ठिकठिकाणच्या विहिरी मचूळ होऊं लागल्या, हेंही ह्या भागांतील लोकांनीं अनुभविलें आहे. पापाचेंही असेंच आहे. तें काढून टाकणें आणि तें बुजविणें हीं दोन अगदीं निराळीं कामें आहेत, जरी वरून पाहणाऱ्यास दोन्ही ठिकाणीं घाण दिसेनाशी होते. बुजविलेल्या पापावर मनुष्य प्रतिष्ठेचें घर बांधितो. परंतु कांहीं वर्षांनीं आपली प्रार्थना खारट कां झाली, मुलांशीं व शेजाऱ्यांशीं बोलणें मचूळ कां झालें, हें त्याचें त्यालाच समजत नाहीं.

अंगीकार खरा कीं खोटा हें ओळखण्याची एक खूण आपल्या मराठी भाषेंतच आहे. आपण म्हणतों, "माझ्या हातून चूक झाली," "तसें घडून गेलें," "वेळच तशी होती." व्याकरणाच्या दृष्टीनें ह्या वाक्यांत कांहीं दोष नाहीं, परंतु त्यांत करणारा कोठें आहे? जणूं चूक पावसासारखी आकाशांतून पडली आणि हा बिचारा तिच्याखालीं सांपडला. "मी केलें" हे दोन शब्द तोंडांतून निघणें फार कठीण आहे. शौल राजाचें उदाहरण घ्या. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायांत त्यानेंही पाप कबूल केलें आहे. पण आधीं लोकांवर दोष ठेविला, आणि कबूल केल्यावर लगेच वडील मंडळींसमोर माझा मान राखा अशी विनंति केली. दावीदाचें पाप शौलाच्या पापापेक्षां लोकांच्या दृष्टीनें अधिक भयंकर होतें, कारण त्यांत व्यभिचार व खून दोन्ही होते. परंतु नाथानानें दृष्टांत सांगून बोट दाखविल्यावर दावीदानें दोष उरीयावर टाकिला नाहीं, बथशेबेवर टाकिला नाहीं, युद्धाच्या गडबडीवरही टाकिला नाहीं. एकाला आपली अब्रू वांचवावयाची होती, दुसऱ्याला देव पाहिजे होता. दोघांचे शब्द जवळजवळ सारखेच. फरक त्यांच्या मागणींत आहे.

अपराध क्षमा करणें ह्याला आपल्या भाषेंत 'पोटांत घालणें' असें म्हणतात. आई लेंकराचा अपराध पोटांत घालिते. आणि जो आपला दोष लपवितो त्याच्याविषयीं आपण म्हणतों, कीं त्यानें ती गोष्ट पोटांत ठेविली. म्हणजे पाप कोणाच्या तरी पोटांत जावयाचेंच. प्रश्न इतकाच, कीं कोणाच्या? आपल्या पोटांत ठेविलें तर तें कुजतें, आणि हाडें झिजतात, हें दावीदानें बत्तिसाव्या स्तोत्रांत आपल्या अनुभवानें लिहून ठेविलें आहे. देवाच्या हातीं दिलें तर तो तें पोटांत घालितो. आणि तें घालण्यास त्याला किती मोल पडलें, हें पाहावयाचें असेल तर वधस्तंभाकडे पाहावें. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती फुकट पडलेली नाहीं.

येथें दुसरा प्रश्न निघतो. अंगीकार करावा कोणापाशीं? वसईंत आपले शेजारी बहुतेक रोमन कॅथलिक मंडळींतले आहेत. त्यांच्यांत याजकापाशीं जाऊन कानांत पाप सांगण्याची रीति आहे. वर्षांतून एकदां तरी तसें करावें असा नियम १२१५ सालच्या लॅटरान येथील धर्मसभेनें घालून दिला. आपण प्रॉटेस्टंट लोक असें मानितों, कीं येशू ख्रिस्त हाच एक मध्यस्थ आहे, आणि प्रत्येक विश्वासणाऱ्यास सरळ देवाकडे जाण्याची मोकळीक आहे. ही मोकळीक मोठी आहे. परंतु तिचा उपयोग आपण कसा करितों? "मी देवापाशीं एकांतांत कबूल करितों" असें म्हणणारा पुष्कळदां एकांतांतही कबूल करीत नाहीं. शेजारी निदान ठरल्या दिवशीं, ठरल्या जागीं, गुडघे टेकून एका मनुष्याच्या कानावर आपलें पाप घालितो. आणि आपण त्याच्या रीतीची चर्चा करीत घरीं जातों! ज्याला दार उघडें ठेविलें आहे त्यानें आंत गेलेंच नाहीं, तर उघड्या दाराचा अभिमान काय कामाचा?

शिवाय ज्या पापानें मनुष्याचें नुकसान झालें आहे, तें देवाला सांगून संपत नाहीं. गणना पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत मोशेच्या द्वारें स्पष्ट आज्ञा आहे, कीं अपराध करणाऱ्यानें तो कबूल करावा, घेतलेलें पूर्ण परत करावें, त्यांत पंचमांश अधिक घालावा, आणि ज्याचा अपराध केला त्यालाच तें द्यावें. जक्कय तर चौपटीपर्यंत गेला. आपल्या प्रभूनेंही डोंगरावरील उपदेशांत सांगितलें, कीं अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करावा. दुधांत पाणी घालणारानें रात्रीं देवापुढें अश्रू गाळावे, आणि सकाळीं त्याच मापानें त्याच घरीं दूध घालावें, ह्याला अंगीकार म्हणतां येणार नाहीं. ज्या घरच्या लेंकरांनीं तें पाणी प्यालें, त्या घरच्या उंबऱ्यापर्यंत त्या अश्रूंनीं चालत गेलें पाहिजे.

ह्याविषयीं आपल्याच भागाशीं जोडलेली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नालासोपारा हें प्राचीन काळचें शूर्पारक बंदर. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस अशोक राजाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं नवव्या लेखाचाही भाग मिळाला. अशोकाच्या ह्या मोठ्या शिलालेखांची मालिका चौदांची आहे. तिच्यांतील तेरावा लेख, जो शाहबाझगढी, कालसी इत्यादि ठिकाणीं आढळतो, तो जगाच्या इतिहासांत अपूर्व आहे. कलिंग देश जिंकतांना एक लाख माणसें मारलीं गेलीं, दीड लाख धरून नेलीं, आणि त्याहून पुष्कळ अधिक मेलीं, व ह्याबद्दल राजाला पश्चात्ताप होत आहे, असें त्यानें दगडावर कोरविलें. विजयी राजानें आपलें दुःख असें प्रसिद्ध करावें, हें थोर होय, आणि ज्यांस ख्रिस्ताचें नांव ठाऊक नव्हतें त्यांच्या विवेकांतही देवाचा उजेड होता ह्याची ती साक्ष आहे. परंतु खुद्द कलिंग देशांत, म्हणजे आजच्या ओडिशांत धौली व जौगड येथें, जे लेख आहेत त्यांत हा तेरावा लेख नाहीं. त्याच्या जागीं प्रजेला लेंकरांप्रमाणें वागवावें अशा अर्थाचे दुसरे लेख आहेत. ह्याचें कारण काय ह्याविषयीं विद्वानांनीं निरनिराळे तर्क केले आहेत. राजाच्या मनांतलें देव जाणे. आपणांस मात्र त्यांतून एक बोध घेतां येतो. दूरच्या लोकांस आपला पश्चात्ताप सांगणें सोपें. ज्यांचें रक्त सांडलें त्यांच्याच दारीं तो कोरणें कठीण. आपणही प्रार्थनासभेंत "मी महापापी आहें" असें मोठ्यानें म्हणतों, आणि ज्या भावाची बांधाची हातभर जमीन दाबली त्याच्याशीं त्या जमिनीविषयीं एक शब्द बोलत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांत अंगीकाराचें थोर उदाहरण पंडिता रमाबाईंचें आहे. त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला व बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. पुढें त्यांनीं विधवांकरितां १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढिलें. देशांत व परदेशांत त्यांचें नांव झालें. अशा बाईंनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत सांगितलें आहे, कीं बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांस उमगलें, कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हें वाक्य किती महाग आहे ह्याचा विचार करा. ज्यांच्यावर सर्वांची दृष्टि होती, ज्यांच्या धर्मांतराची चर्चा घरोघर झाली होती, त्यांनीं हें बोलून दाखविलें. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलें असतें? परंतु त्या गप्प राहिल्या असत्या तर त्यांस जें पुढें मिळालें तेंही मिळालें नसतें. आणि १९०५ सालीं जून महिन्यांत केडगांवच्या मुक्तिसदनांत जी जागृति झाली, तींतही पहिली गोष्ट हीच होती. दुष्काळांतून वांचविलेल्या मुली व बाया तेथें शेंकड्यांनीं होत्या. त्यांनीं रडून रडून आपलीं पापें कबूल केलीं, आणि त्यानंतर त्यांच्या मुखांत स्तुति आली. आधीं अंगीकार आणि मग आनंद, हा क्रम लक्षांत ठेविला पाहिजे. आनंद आधीं पाहिजे आणि अंगीकार जमल्यास मागाहून, असें म्हणणाऱ्यांस दोन्ही मिळत नाहींत.

कोणी म्हणेल, क्षमा इतकी सहज मिळूं लागली तर लोक खुशाल पाप करितील. ही शंका बहुधा त्यांचीच असते, ज्यांनीं कधीं खरा अंगीकार केलेला नाहीं. महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत लिहिलें आहे, कीं सुमारें पंधरा वर्षांचे असतांना त्यांनीं भावाच्या कड्यांतील सोन्याचा तुकडा चोरला. मग तें सर्व एका चिठ्ठींत लिहून आजारी वडिलांच्या हातीं दिलें, आणि शिक्षाही मागितली. वडिलांनीं ती वाचिली, त्यांच्या डोळ्यांतून आंसवें गळालीं, आणि त्यांनीं चिठ्ठी फाडून टाकिली. मार बसला नाहीं, शब्दही कठोर बोलले नाहींत. परंतु त्या मुलानें पुन्हां चोरी केली नाहीं. बापाचें दुःख ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्याला ती क्षमा स्वस्त वाटत नाहीं.

उलट पक्षीं, नुसतें कबूल केल्यानेंही तारण होत नाहीं. यहूदानें याजकांपुढें आपलें पाप कबूल केलें आणि तीस रुपये परतही दिले. अंगीकार झाला, भरपाई झाली. परंतु ज्यांच्याकडे तो गेला त्यांनीं तूंच पाहून घे म्हणून त्याला घालवून दिलें, आणि ज्याचा त्यानें विश्वासघात केला होता त्याच्याकडे तो गेलाच नाहीं. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण पुढें गालील समुद्राच्या कांठीं प्रभु दिसतांच त्यानें पाण्यांत उडी घातली आणि तो त्याच्याकडे गेला. दोघेही दुःखी झाले. एक पळून गेला, एक जवळ आला.

ह्यावरून उपदेशकांस व मंडळींच्या वडिलांस दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. यहूदा ज्या याजकांकडे गेला त्यांच्यासारखे आपण होऊं नये. कोणी भाऊ अथवा बहीण आपलें पाप सांगावयास आली, तर त्या गोष्टीचा दुसऱ्या दिवशीं चव्हाट्यावर बोभाटा होऊं नये. तें सांगणें देवापुढें झालें आहे. आपण केवळ साक्षी आहों. कोणावर सभेंत उभें राहून बोलण्याची जबरदस्ती करूं नये. पाप जितक्यांविरुद्ध झालें तितक्यांपुढें तें कबूल करावें. घरांतलें घरांत, मंडळीचें मंडळींत. अंगीकारांत दुसऱ्याचीं नांवें घेऊं नयेत, कारण प्रत्येकानें आपलीच पाटी वाचावयाची आहे. आणि आधीं आपणच उजेडांत यावें. जो उपदेशक आपल्या अहवालांत न केलेल्या भेटी लिहितो, अथवा ज्या पंचाच्या हिशेबांत वर्गणीचा मेळ बसत नाहीं, तो पापाच्या अंगीकारावर कितीही रसाळ बोलला, तरी ऐकणारांचें कान भरतील, अंतःकरण हालणार नाहीं.

योहानाच्या पत्रांतील एक शब्द अद्याप सांगावयाचा राहिला. सातव्या ओवींत आपली अपेक्षा अशी असते, कीं उजेडांत चाललों तर देवाशीं सहभागिता होईल. परंतु प्रेषित तेथें एकमेकांशीं सहभागिता असें लिहितो. अंधारांत जवळजवळ बसलेलीं माणसेंही एकमेकांस दिसत नाहींत. मंडळींत सर्वच चांगलीं, सर्वच शुद्ध, कोणाचेंच कांहीं चुकलेलें नाहीं, असें जेथें वरून चाललें आहे, तेथें प्रत्येक जण आपल्या गुप्त ओझ्याखालीं एकटा आहे. रविवारीं तो शेजाऱ्याशेजारीं बसतो, त्याच पुस्तकांतून गातो, आणि एकटाच घरीं जातो. एकानें धैर्य करून दिवा लाविला, तर दुसऱ्याचेंही तोंड दिसतें. पुष्कळ मंडळ्यांत कलह, तट व थंडपणा ह्यांचें मूळ शिक्षणाच्या अभावांत नाहीं. पहिला दिवा कोणी लावावा, ह्यावर सर्व अडून बसले आहेत.

म्हणून, प्रिय वाचकहो, देवाला माझें पाप ठाऊक आहे, मग सांगूं कशाला, असें आतां म्हणूं नका. ठाऊक असूनही तो वाट पाहत आहे, म्हणूनच सांगा. आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं एका पापाचें नांव घ्या. सर्व पापांचें मोघम नांव नको, एकाच पापाचें खरें नांव, आणि त्यापुढें "मी केलें" हे दोन शब्द. त्या पापानें कोणाचें कांहीं घेतलें असेल, तर उद्यां सकाळीं त्याच्या दाराकडे जा. जो विश्वासू व न्यायी आहे तो आपणां सर्वांस शुद्ध करो, आणि आपल्या गांवोगांवच्या मंडळ्या त्याच्या उजेडांत एकमेकांस ओळखोत. आमेन.